दूध उतू जाऊ द्या! पोंगल म्हणजे 'तमिळ संक्रांत' आहे का?

कावेरीकाठ (धागाकर्ती) · १७ जानेवारी २०२५

दर जानेवारीत माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "आज तुमच्याकडे पण संक्रांत ना? तिकडे पोंगल म्हणतात नाही का." आणि दर वर्षी मी तिळगुळाचं चित्र टाकून गप्प बसते. यंदा गप्प बसणार नाही. सूर्य मकरेत जातो तो दोन्हीकडे एकच, हे मान्य. पण सण एक नाही.

आधी माझी फजिती सांगते. लग्न झालं आणि साताऱ्याहून थेट श्रीरंगमला आले, तिरुच्चीशेजारी. घरमालकीणबाईंना सगळे पाट्टी म्हणतात. पाट्टी म्हणजे आजी. (पहिले दोन महिने मला शाळेतली दगडी पाटीच आठवायची.) पोंगलच्या सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. मोठं कोलम (त्यांची रांगोळी), तीन विटांची चूल, तिच्यावर काशाचं भांडं, भांड्याच्या गळ्याला हळदीचं ओलं रोप पानांसकट बांधलेलं, शेजारी उसाची कमान. दूध तापत होतं. "जरा लक्ष ठेव" असं काहीतरी खुणेनं सांगून त्या आत गेल्या. दूध वर यायला लागलं आणि मी आईनं जन्मभर शिकवलं तेच केलं. झटकन लाकूड ओढलं, पळी घातली, फेस खाली बसवला. पाट्टी बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पुन्हा जाळ घातला, दूध कडेनं ओघळलं, सगळे 'पोंगलो पोंगल' ओरडले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

'पोंगु' म्हणजे उतू जाणं. सणाचं नावच ते! त्या दिवशी लोक एकमेकांना शुभेच्छा नंतर देतात, आधी विचारतात "पाल पोंगिरुच्चा?", दूध उतू गेलं का? आणि आपण लहानपणापासून कहाण्यांत काय ऐकलं, तर 'उतू नकोस, मातू नकोस'.

दिवस चार. मार्गळि महिन्याच्या शेवटच्या दिवशी भोगी, तै महिन्याच्या पहिल्या दिवशी सूर्यपोंगल, मग गुराढोरांचा माट्टुपोंगल, आणि शेवटी काणुम पोंगल, म्हणजे नातेवाइकांना भेटायचा, फिरायला जायचा दिवस. त्या दिवशी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मला खरं तर बोलायचंय ते 'का' याबद्दल. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तमिळनाडूला वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांतून मिळतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम भागात, सांबा नावाचं लांब मुदतीचं भात ऑगस्टच्या सुमारास धरतात आणि ते जानेवारीच्या आगेमागे कापणीला येतं. म्हणून पोंगलच्या भांड्यातला तांदूळ नवा. संक्रांतीला आपल्याकडे तीळ, हरभरा, बोरं, ऊस, वाणवसा. भात तर दिवाळीआधीच झोडपायला घेतलेलं. एकाच तारखेला दोन वेगळी शेतं आहेत हो.

भाकरीतुकडा · १७ जानेवारी

मस्त धागा. भोगी दोन्हीकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. आपली भोगी म्हणजे लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. 'न खाई भोगी तो सदा रोगी.' त्यांच्याकडे काय करतात?

कावेरीकाठ · १७ जानेवारी

खायचं फारसं नाही, जाळायचं! घर झाडूनपुसून जुनी चटई, फाटके कपडे, मोडके सूप, केरसुणी असं सगळं पहाटे दारासमोर पेटवतात. जुनं जाऊ दे, नवं येऊ दे. पूर्वी हे सगळं गवत, पान, कापूस असायचं. आता त्यात टायर आणि प्लास्टिक जातं. २०१८ साली भोगीच्या पहाटे चेन्नईत धूर आणि धुकं मिळून इतकं दाटलं की विमानं दुसरीकडे वळवावी लागली. प्रदूषण मंडळ दर वर्षी आवाहन करतं.

कोंगु भागात, म्हणजे कोइंबतूर-ईरोडकडे, याच सुमारास दाराला कडुनिंब, आवारम आणि पूळैप्पूची पांढरी फुलं यांची जुडी खोचतात. त्याला काप्पु कट्टु म्हणतात. आवारम म्हणजे आपला माळावरचा पिवळा तरवड. साताऱ्याच्या डोंगरावर शेळ्याही ज्याला तोंड लावत नाहीत तो इथे दारावर मानानं बसतो.

घाटमाथा · १७ जानेवारी

माट्टुपोंगल म्हणजे सरळसरळ पोळा आहे. शिंगं रंगवणे, माळा, गोड खाऊ घालणे. मग तो जानेवारीत कशाला आणि आपला श्रावणी अमावास्येला कशाला, याचं उत्तर तुम्हीच वर दिलंय. आपल्याकडे पेरणी, कोळपणी उरकते आणि बैल मोकळा होतो तेव्हा पोळा. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीला त्याहून आधी, बेंदूर. तिकडे बैल मोकळा होतो मळणी झाल्यावर. बैलाला सुट्टी कधी, त्यावर सण कधी. पंचांगवाले नंतर आले.

कावेरीकाठ · १७ जानेवारी

घाटमाथा, शेवटचं वाक्य पाट्टींना ऐकवू का? :) पण पटलं.

तंजावूरवासी · १८ जानेवारी

नमस्कार. आम्ही तंजावरचे मराठी. घरात बोलतो ती मराठी तुम्हाला ऐकताना हसू येईल, म्हणून लिहितो ती पुस्तकं वाचून शिकलेली आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

व्यंकोजीराजे १६७६ साली तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य राहिलं. पावणेदोनशे वर्षांत आमची मंडळी तिथे इतकी मुरली की सण कुठला कुणाचा हे विचारायचं कुणी कारणच ठेवलं नाही. आमच्या घरी पोंगलचं भांडंही चढतं आणि चैत्रात गुढीही उभी राहते. तिळगूळ मात्र आजी गेल्यावर बंद पडला.

माट्टुपोंगलला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अवश्य या. तिथला नंदी एका दगडाचा, सुमारे १२ फूट उंच. त्या दिवशी त्याला भाज्या, फळं, मिठाईनं असा मढवतात की दगड दिसत नाही. वांगी, भोपळे, केळी, मुळे, गाजरं, सगळ्याच्या माळा. समोर गायींची पूजा. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. नंदीची आरास बघून झाली की मी नातवंडांना तिकडे नेतो. ती देवनागरी वाचू शकत नाहीत. मी वाचतो, ती ऐकतात.

रिमझिम · १८ जानेवारी

तंजावूरवासी, तुमची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे, हसतंय कोण!

सडेतोड · १८ जानेवारी

सगळं गोडगोड चाललंय, पण माट्टुपोंगल म्हटलं की जल्लिकट्टूबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? बैलाला माजवायचं, त्याच्या अंगावर पन्नास जणांनी झेपावायचं, आणि दर वर्षी माणसं मरतात. ही कसली कृतज्ञता?

घाटमाथा · १८ जानेवारी

सडेतोड, आमच्याकडे बैलगाडा शर्यत आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. पण निदान माहिती नीट असू दे. जल्लिकट्टूचा बैल औताचा नसतो. तो वळू असतो, पुलिकुळम, कांगेयम अशा जातींचा, त्यासाठीच राखलेला. 'वाडिवासल' नावाच्या अरुंद दरवाजातून तो सुटतो, आणि पोरानं त्याचं वशिंड धरून ठरलेलं अंतर लोंबकळायचं. शिंग किंवा शेपूट धरली की बाद. मदुराईजवळची तीन गावं ठरलेली आहेत. पोंगलला अवनियापुरम, माट्टुपोंगलला पालमेडु, दुसऱ्या दिवशी अलंगनल्लूर.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली ती आपल्या शर्यतींवरही होती. २०१७ च्या जानेवारीत त्या बंदीविरुद्ध मरीनावर पोरं बसली, तमिळनाडूनं कायदा बदलला, मागोमाग आपणही बदलला. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांचे कायदे एकाच निकालात वैध ठरवले. म्हणजे अलंगनल्लूरचा वळू आणि आमच्या घाटातली जोडी एकाच खटल्यात उभी होती.

सडेतोड · १८ जानेवारी

कायदेशीर आहे म्हणजे बरोबर आहे असं नाही. पण वशिंडाचा नियम माहीत नव्हता, तेवढं मान्य.

कावेरीकाठ · १८ जानेवारी

मी एकदाच गेले, पालमेडूला. बैल सुटतो तेव्हा पोटात गोळा येतो हे खरं. आणि हरलेल्या पोराचं कुणाला काही वाटत नाही, पण न सापडलेल्या बैलाचं नाव माईकवरून घेतात तेव्हा मालकाची म्हातारी आई रडत होती, हेही पाहिलं. माझं मत अजून बनलेलं नाही. या धाग्यावर इतकंच पुरे, हवा तर वेगळा काढा.

अंगतपंगत · १९ जानेवारी

कुणी सक्करैपोंगलची, म्हणजे त्या गोड भाताची, कृती देईल का? माटुंग्याला खाल्लेला अजून जिभेवर आहे.

कावेरीकाठ · १९ जानेवारी

पाट्टींचं प्रमाण: एक वाटी नवा तांदूळ, पाव वाटी मूगडाळ (कोरडीच खमंग भाजायची), दोन वाट्या गूळ, आणि तूप 'हात आखडेल तोवर'. आधी दूध-पाणी उतू घालवायचं, मग त्यात तांदूळ-डाळ. अगदी मऊ, घोटलेलं हवं. गूळ वेगळा विरघळवून, गाळून, तांदूळ पूर्ण शिजल्यावरच घालायचा, नाहीतर दाणा पुढे शिजत नाही. वरून तुपात परतलेले काजू-बेदाणे, वेलची, आणि खायचा भीमसेनी कापूर मोहरीच्या दाण्याएवढा. आरतीच्या कापराच्या वड्या घालू नका, विषारी असतात!

गूळ वगळला आणि मिरी, जिरं, आलं, कढीलिंब घातलं की वेण्पोंगल. हा मार्गळीत पहाटे देवळात प्रसाद म्हणून मिळतो. मार्गळि म्हणजे धनुर्मास. श्रीरंगमला त्या महिन्यात रोज आंडाळ या तमिळ संत कवयित्रीच्या तिरुप्पावैतलं एकेक पद, तीस दिवसांची तीस. अंधारात बायका कोलम काढतात आणि शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून मधोमध ठेवतात.

माजघर · १९ जानेवारी

धनुर्मास! अगं म्हणजे आपला धुंधुरमास. सूर्य उगवायच्या आत नैवेद्य आणि उगवताना पंगत. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. तुझा वेण्पोंगल म्हणजे तीच खिचडी आहे, मिरी जास्त इतकंच. माझ्या सासरी पहाटे चारला उठून करायचे. आता नाश्त्याला पोहे करतात आणि धुंधुरमास कॅलेंडरवर वाचतात.

आणि तुझी ती दुधाची गोष्ट वाचून काल रात्रीपासून राहवत नाहीये. आईनं शिकवलं ते स्वयंपाकघरातलं. अंगणातलं विसरलीस? रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि सूर्यासमोर मुद्दाम उतू जाऊ द्यायचं. कुठल्या दिशेला उतू गेलं ते बघायचे. उरलेल्या दुधाचा प्रसाद. पोंगलचा जोडीदार शोधत असशील तर तो संक्रांतीत नाही, रथसप्तमीत आहे.

कावेरीकाठ · १९ जानेवारी

माजघर. मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. नऊ वर्षं ही गोष्ट 'आमच्यात असं करत नाहीत' म्हणून सांगतेय सगळ्यांना!

आईला फोन केला. म्हणाली, "करायच्या की सासूबाई. फ्लॅटमध्ये आलो, अंगण गेलं, गोवऱ्या गेल्या. गॅसवर करायला जीव धजावेना, बर्नर खराब होतो."

दिवेलागण · २० जानेवारी

कार्तिगै दीपमबद्दलही, म्हणजे त्यांच्या कार्तिकातल्या दिव्यांच्या सणाबद्दलही लिहा ना. आम्ही डिसेंबरात तिरुवण्णामलैला गेलो आणि चक्रावलो, त्रिपुरारी पौर्णिमा तर महिन्यापूर्वीच होऊन गेली होती.

कावेरीकाठ · २० जानेवारी

त्यांचे महिने सौर आहेत म्हणून. सूर्य वृश्चिकेत गेला की कार्तिगै सुरू, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात. मग त्या महिन्यातलं कृत्तिका नक्षत्र धरायचं. गेल्या वर्षी त्रिपुरारी १५ नोव्हेंबरला आणि दीपम १३ डिसेंबरला. सूर्यसंक्रमण सूर्यास्ताआधी झालं तर महिना त्याच दिवशी लागतो, नंतर झालं तर दुसऱ्या दिवशी. पोंगल कधी १४ ला, कधी १५ ला, त्यातलं एक कारण हे.

दिवेलागण · २० जानेवारी

आता कळलं. संध्याकाळी देवळात अर्धनारीश्वराची मूर्ती क्षणभर बाहेर येते आणि त्याच क्षणी डोंगरमाथ्यावर कढईतली वात पेटते. डोंगर २,६६८ फूट. खाली लाखभर माणसं एकदम 'अण्णामलैयारुक्कु अरोहरा' म्हणतात. आमच्या शेजारी उभ्या शेतकऱ्यानं ज्योत दिसताच आधी खिशातला फोन नाही, पायातल्या चपला काढल्या. ज्योत अकरा दिवस तेवत राहते म्हणाले, गाडीतून परतताना बराच वेळ मागे दिसत होती.

दूरदेशी · २१ जानेवारी

क्वालालंपूरहून. इथे ११ फेब्रुवारीला तैपूसम, मुरुगनचा म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा उत्सव. चांदीचा रथ शहरातल्या महामारीअम्मन देवळातून रात्री निघतो आणि दुसऱ्या दिवशी बाटू केव्ह्जच्या गुहामंदिराला पोचतो. २७२ पायऱ्या, पायथ्याशी मुरुगनची ४२.७ मीटर उंच मूर्ती, २००६ ची. कावडी खांद्यावर, गालातून भाला आरपार. पहिल्या वर्षी बघवलं नाही. नंतर लक्षात आलं, चालणारे बहुतेक जण नुसता दुधाचा कलश डोक्यावर घेतात, कॅमेरे मात्र भाल्यांवरच असतात. मला वारी आठवते ती त्या कलशवाल्यांमुळे.

भाकरीतुकडा · २१ जानेवारी

पळणीच्या मुरुगन देवळातलं पंचामृत खाल्लंय का कुणी? आपलं पंचामृत पातळ, दूध-दही-तूप-मध-साखर. (आणि पंगतीतलं तीळकूट-मिरच्यांचं ते आणखी वेगळं.) त्यांचं चक्क केळ्याचा जाम! केळी, गूळ, तूप, मध, वेलची. डब्यात महिनोन्महिने टिकतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंजावूरवासी · २२ जानेवारी

पिकांचं चाललं आहे तर आडिप्पेरुक्कु राहू नये. आडि महिन्याची अठरावी, ऑगस्टच्या सुरुवातीला. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजानं १२ जूनला सोडतात, ते कालव्यांतून शेवटापर्यंत पोचतं, कावेरी फुगते, आणि बायका तिची ओटी भरतात. काळे मणी, ताडपत्राची कर्णभूषणं, पिवळे दोरे, मोड आलेली धान्यं. घाटावर चिंचभात, लिंबूभात, नारळभात, दहीभात. गर्भार लेकीचे डोहाळे पुरवावे तसं नदीचं करतात. 'आडिप्पट्टम तेडि विदै' अशी म्हण आहे, आडीचा हंगाम शोधून पेर. पोंगलला जे उतू जातं ते तेव्हा पेरलेलं असतं. पाणी सोडायला उशीर झालेली वर्षं मी पाहिली आहेत. घाटावर कोरड्या वाळूत नळ लावून पूजा झाली.

माजघर · २२ जानेवारी

आडि म्हणजे आपला आखाडच की. लग्नं नाहीत, नवी नवरी माहेरी.

कावेरीकाठ · २२ जानेवारी

हो, आणि दुकानांत मोठाले सेल, कारण एरवी गिऱ्हाईक फिरकत नाही! आडीतच मारीअम्मनच्या देवळांत नाचणीची कूळ वाटतात. आपली आंबील आणि आपली मरीआई. साताऱ्यात आखाडात मरीआईचा गाडा गावाबाहेर नेताना लहानपणी भीती वाटायची. इथे तीच देवी समयपुरमला राणीसारखी बसली आहे.

एक राहिलंच. माट्टुपोंगलच्या सकाळी पाट्टी 'कनुप्पिडि' ठेवतात. गच्चीवर हळदीच्या पानांवर लाल, पिवळे, पांढरे भाताचे छोटे गोळे, कावळ्यांसाठी. मी म्हटलं, कावळ्याला घास? पितृपक्ष आहे का? तर म्हणाल्या, भावांसाठी. कावळ्यांचं कुटुंब जसं एकत्र जेवतं तसं आमचं राहू दे. त्यांचे तिन्ही भाऊ आता नाहीत. पानं तीन भावांचीच मांडतात.

रिमझिम · २२ जानेवारी

:(

कावेरीकाठ · ५ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. काल रथसप्तमी झाली. पाट्टींना ही तिथी पाठच होती. त्यांच्यात त्या दिवशी रुईची सात पानं डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांवर, पायांवर ठेवून स्नान करतात. दुधाचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मी बाजारातून मातीचं बोळकं आणलं, गोवऱ्या गोशाळेतून. आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

दूध वर यायला लागलं तसा माझा हात आपोआप पुढे गेला. पाट्टींनी मनगट धरलं आणि सोडलंच नाही. पूर्वेकडून ओघळलं. पलीकडून आई ओरडत होती, "गेलं का गं, गेलं का?"